जॉइंट खातं, ट्रस्ट आणि राज्याचा वारसाकर: न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिसन, इसेलिन, जर्सी सिटी किंवा फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बहुतेक घरांना हा कर कळतो तो घरातलं कुणी गेल्यावर. दिवसकार्य उरकून बहीण किंवा भाऊ बँकेत जातो. खात्यावर दोघांचं नाव असतं, तरी बँक अर्धेच पैसे देते. "नाव तर माझंही होतं ना?" हा प्रश्न मी ओळखीच्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलांवर इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

इनहेरिटन्स टॅक्स आणि इस्टेट टॅक्स एकच का?

नाही. इस्टेट टॅक्स गेलेल्या माणसाच्या एकूण मालमत्तेवर लागतो. वारसाकर, म्हणजे इनहेरिटन्स टॅक्स, कुणाला किती मिळालं आणि तो माणूस गेलेल्याचा कोण लागतो, यावर ठरतो. केंद्राचा इस्टेट टॅक्स २०२६ मध्ये दीड कोटी डॉलरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे बहुतेक घरांशी त्याचा संबंध येत नाही. वारसाकराचं तसं नाही. साधं घर आणि निवृत्तीची पुंजी असलेल्या माणसालाही तो लागू शकतो.

सध्या हा कर पाच राज्यांत आहे: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, केंटकी आणि नेब्रास्का. आयोवाने तो १ जानेवारी २०२५ पासून बंद केला. न्यू जर्सीने १ जानेवारी २०१८ पासून फक्त इस्टेट टॅक्स रद्द केला. "जर्सीतला तो कर गेला" असं तेव्हा अनेकांनी ऐकलं आणि तेच धरून ठेवलं. वारसाकर गेलेला नाही.

भारतात १९५३ च्या कायद्याने आलेली इस्टेट ड्यूटी मार्च १९८५ मध्ये संपली. पुढच्या पिढीने असा कर पाहिलाच नाही. मुदत ठेवीवर दोघांची नावं घातली की काम झालं, ही सवय आपण तिथूनच घेऊन आलो.

मग कर नक्की कुणाला लागतो?

इथे आपलं नात्यांचं गणित आणि राज्याचं गणित वेगळं पडतं, म्हणून हे सावकाश वाचा.

न्यू जर्सीत जोडीदार, मुलं (दत्तक आणि सावत्रसुद्धा), नातवंडं, आईवडील, आजीआजोबा हा "ए" वर्ग. यांना कर शून्य, रक्कम कितीही असो. "सी" वर्गात भाऊ, बहीण, सून आणि जावई येतात. त्यांना प्रत्येकी पहिले २५,००० डॉलर माफ, पुढच्या १०,७५,००० डॉलरवर ११ टक्के, आणि मग दर चढत १६ टक्क्यांपर्यंत जातो. बाकी सगळे "डी" वर्गात: पहिल्या ७ लाखांवर १५ टक्के, पुढे १६, आणि पहिल्या डॉलरपासून. फक्त ५०० डॉलरच्या आतला वाटा सुटतो. ("बी" वर्ग पूर्वी होता, आता नाही. अक्षर गळलेलं पाहून गोंधळू नका.)

आता "बाकी सगळे" म्हणजे कोण ते पाहा. पुतण्या, भाची, चुलतभाऊ, मावसबहीण, वहिनी, मेव्हणा, काकू, मामा, अगदी सासूसासरेसुद्धा. आपल्याकडे चुलतभाऊ हा भाऊच असतो आणि एका घरात वाढलेला पुतण्या मुलासारखा. राज्याच्या कागदात तो आणि शेजारी एकाच वर्गात बसतात. मूलबाळ नसलेल्या किंवा अविवाहित माणसांनी आयुष्यभर जपून ठेवलेला पैसा ज्यांच्याकडे जातो, तीच ही माणसं. म्हणून मूल नसलेल्या काका-मावश्यांनी हे सगळ्यात आधी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पेनसिल्व्हेनियात जोडीदाराला शून्य, आणि आईवडिलांकडून २१ वर्षं किंवा त्याहून लहान मुलाला मिळालं तर शून्य. पण मोठ्या मुलांना, नातवंडांना, आईवडिलांना, सुनेला-जावयाला ४.५ टक्के, सख्ख्या भावंडांना १२ टक्के, इतरांना १५ टक्के. न्यू जर्सीसारखी २५,००० ची माफी भावंडांना नाही. जर्सीतून नदी ओलांडून बक्स काउंटीत घर घेतलेल्यांनी लक्षात ठेवावं: आता मुलांनाही कर आहे.

नवरा-बायकोच्या जॉइंट घरावर, खात्यावर काही लागतं का?

राज्याचा कर दोन्हीकडे शून्य. न्यू जर्सीत नवरा-बायको म्हणून एकत्र घेतलेलं घर असेल, तर त्या घरासाठी राज्याची मोकळीक-चिठ्ठी, म्हणजे वेव्हरही लागत नाही.

बहिणीबरोबर जॉइंट खातं आहे. निम्मे पैसे माझेच ना?

न्यू जर्सीत राज्य आधी असं धरत नाही. हयात राहील त्याला सगळं मिळेल अशा रीतीने दोन नावांवर असलेली मालमत्ता पूर्णच्या पूर्ण गेलेल्या माणसाची होती, असं गृहीत धरलं जातं. "यातला इतका भाग मुळात माझा होता, त्यांचा कधीच नव्हता" हे सिद्ध करायचं ओझं मागे राहिलेल्यावर असतं. तोंडी सांगून चालत नाही. कुणाच्या पगारातून, कुठल्या चेकने, कुठलं घर विकून पैसे आले, याचे कागद लागतात.

आकड्यांत पाहू. दोन बहिणींचं खातं, त्यात ४ लाख डॉलर. थोरली गेली. धाकटीकडे काहीच पुरावा नसेल तर २५,००० वजा जाता ३,७५,००० वर ११ टक्के, म्हणजे ४१,२५० डॉलर कर. तिने दाखवलं की निम्मे पैसे तिच्या पगारातून आले होते, तर १,७५,००० वर ११ टक्के, म्हणजे १९,२५० डॉलर. २२,००० डॉलरचा हा फरक केवळ जुन्या स्टेटमेंट्सचा आहे. बँका फार जुनी स्टेटमेंट्स सहसा देत नाहीत. भावंडांबरोबर खातं असेल तर वर्षातून एकदा स्टेटमेंट छापून एका फाइलमध्ये लावत जा. या पानातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

पेनसिल्व्हेनियातही असंच आहे का?

नेमकं उलट आहे. तिथे कुणी किती भरले हे विचारतच नाहीत. नावांची संख्या मोजून भागतात. दोन नावं असतील तर निम्मं, तीन असतील तर एक तृतीयांश. त्याच दोन बहिणी पेनसिल्व्हेनियात असत्या तर २ लाखांवर १२ टक्के, म्हणजे २४,००० डॉलर. सगळे पैसे थोरलीचे असले तरी तेवढेच, आणि सगळे धाकटीचे असले तरी तेवढेच.

एक अट मात्र आहे. नाव घातल्यापासून वर्षाच्या आत मृत्यू झाला, तर निम्म्याचा नियम लागू होत नाही. ३,००० डॉलरची सूट सोडून पूर्ण रक्कम धरतात. वरच्याच उदाहरणात कर ४७,६४० डॉलरवर जातो. आजारपणात घाईघाईने दुसरं नाव घालून घेणाऱ्यांना हा नियम नेमका सापडतो.

आईला सोय व्हावी म्हणून माझ्या खात्यावर तिचं नाव घातलं आहे. काही बिघडेल का?

पेनसिल्व्हेनियात बिघडू शकतं. पैसे सगळे तुमचे, खात्यात ९०,००० डॉलर. आई तिथेच राहत होती आणि ती गेली, तर तिच्या नावचे निम्मे, ४५,००० डॉलर, तुम्हाला "वारशाने" मिळाले असं धरलं जातं. त्यावर ४.५ टक्के म्हणजे २,०२५ डॉलर. स्वतःच्याच पैशांवर वारसाकर भरताना माणसाला किती लागतं, ते मी एका घरी पाहिलं आहे. रक्कम फार नव्हती. आईच्या मायेला कुणीतरी बिल लावल्यासारखं त्या मुलीला वाटलं.

न्यू जर्सीत हा त्रास नाही, कारण आईकडून मुलीला जाणाऱ्या पैशावर करच नाही.

सोयच हवी असेल तर नाव घालण्याऐवजी मुखत्यारपत्र करा. आई तुमच्या वतीने व्यवहार करू शकते आणि मालकी तुमचीच राहते. उलट बाजूने, म्हाताऱ्या आईच्या खात्यावर एकाच मुलाचं नाव घालण्याबाबतही हेच सांगेन. कराइतकंच त्यात भावंडांच्या भांडणाचं बी असतं. मृत्युपत्रात "तिघांना सारखं" लिहिलेलं असतं आणि जॉइंट खातं मात्र मृत्युपत्राबाहेरून थेट एकाकडेच जातं.

घराच्या कागदावर आत्ताच पुतण्याचं किंवा मुलाचं नाव घातलं तर कर वाचेल का?

पुतण्याचं आधी बघू. न्यू जर्सीत हयात राहणाऱ्याच्या हक्कासह त्याचं नाव घातलं, तर वरचाच नियम लागतो: काकांच्या पश्चात ५ लाखांचं घर पूर्ण धरलं जाऊन १५ टक्के, म्हणजे ७५,००० डॉलर. त्याने स्वतः पैसे घातल्याचं दाखवलं तरच कमी. टेनन्सी इन कॉमन, म्हणजे प्रत्येकाचा ठरलेला वाटा, अशा रीतीने घर असेल तर फक्त गेलेल्याचा वाटा मोजतात. पण वाटा नुकताच देऊन टाकला असेल तर आणखी एक चाळणी आहे. न्यू जर्सीत मृत्यूच्या आधीच्या तीन वर्षांतली मोठी भेट "मृत्यू समोर दिसत असताना दिली" असं गृहीत धरतात, आणि तसं नव्हतं हे वारसाला पटवून द्यावं लागतं. पेनसिल्व्हेनियात हा काळ एक वर्षाचा आहे, आणि तिथे पटवून देण्याची सोयच नाही.

मुलाच्या बाबतीत तर मी बहुतेकांना थांबायलाच सांगते. न्यू जर्सीत मुलाला कर नाहीच, मग वाचवायचं काय? पेनसिल्व्हेनियात ४.५ टक्के वाचतील, पण दुसरीकडून जास्त जाऊ शकतात. समजा १९९५ मध्ये १,५०,००० ला घेतलेलं घर आज ६ लाखांचं आहे. वारशाने मिळालं तर विक्रीवरचा नफा मोजताना मृत्यूच्या दिवसाची किंमत धरतात, जुना नफा पुसला जातो. हयातीत भेट दिलं तर मुलाच्या गळ्यात तीच १,५०,००० ची जुनी किंमत येते. त्याने ते विकलं आणि तो स्वतः तिथे राहत नसेल, तर साडेचार लाखांच्या नफ्यावर केंद्राचा भांडवली नफ्याचा कर, बहुतेकांना १५ टक्के, म्हणजे साठ-सत्तर हजार. २७,००० डॉलरचा वारसाकर चुकवायला इतके घालवायचे का, हे कागद-पेन्सिल घेऊन घरच्यांसमोर मांडा.

बँकेने पैसे का अडवले? आणि ते कसे सोडवायचे?

न्यू जर्सीतली बँक मृत्यूची बातमी कळली की खात्यातली साधारण निम्मी रक्कम वेव्हरशिवाय देऊ शकते. उरलेली राज्याच्या हक्कासाठी थांबते. जॉइंट खात्यालाही हेच लागू आहे.

घेणारे सगळे "ए" वर्गातले असतील, म्हणजे पत्नी, मुलं, आईवडील, तर एल-८ नावाचा फॉर्म भरून थेट बँकेत द्यायचा. तो राज्याकडे पाठवायचा नसतो. तो दिला की उरलेले पैसे मोकळे होतात. बँकेच्या शाखेतल्या माणसाला या फॉर्मची माहिती नसते असं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे, म्हणून स्वतःच छापून घेऊन जा. घरासाठी असाच एल-९ आहे, पण तो मात्र राज्याकडे पाठवावा लागतो.

भाऊ, पुतण्या अशा कुणाला जात असेल तर एल-८ चालत नाही. आयटी-आर हे विवरणपत्र भरायचं, कर भरायचा, मग ट्रेंटनहून, म्हणजे राज्याच्या कर खात्याकडून, वेव्हर येतो. यात महिने जातात. अंत्यसंस्कार, घराचा हप्ता, मालमत्ता कर हे तोपर्यंत थांबत नाहीत, तेव्हा हाताशी वेगळे पैसे असलेले बरे.

लिव्हिंग ट्रस्ट केला की वारसाकर टळतो, असं एका सेमिनारमध्ये सांगितलं. खरं का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. केव्हाही बदलता किंवा मोडता येणारा ट्रस्ट, म्हणजे रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट, प्रोबेट (मृत्युपत्र मंजूर करून घेण्याची सरकारी प्रक्रिया) टाळतो. राज्य मात्र त्यातली मालमत्ता तुमचीच समजतं, आणि ती कुणाला मिळते ते पाहून नेहमीच्याच दराने कर घेतं. दोन्ही राज्यांत हेच आहे.

शिवाय न्यू जर्सीत प्रोबेट तसं अवघड नाही. काउंटीच्या सरोगेट कार्यालयात काम सहसा लवकर होतं. उलट मालमत्ता ट्रस्टमधून जात असेल तर सोपा एल-८ फॉर्म वापरता येत नाही, विवरणपत्राच्या वाटेने जावं लागतं. बायको-मुलंच वारस असलेल्या घरात ट्रस्टमुळे कागद वाढल्याचं मी पाहिलं आहे. वेगळ्या गरजा असतात: अपंग मूल, दुसरं लग्न, दोन राज्यांत घरं. तिथे ट्रस्ट जरूर करा. फक्त कर वाचवायला म्हणून नको.

बँकेतल्या "अमुकसाठी विश्वस्त" किंवा "मृत्यूनंतर अमुकला द्या" अशा खात्यांचंही तेच. नाव ट्रस्टसारखं वाटलं तरी पेनसिल्व्हेनियात पूर्ण रक्कम धरतात. जॉइंटला मिळणारी निम्म्याची सवलत त्यांना नाही.

न मोडता येणारा ट्रस्ट केला तर?

तो चालू शकतो, पण दोन गोष्टी खऱ्या असायला हव्यात. मालमत्ता खरोखर हातातून गेलेली हवी, म्हणजे तिचं उत्पन्न, वापर किंवा ताबा तुम्ही स्वतःकडे ठेवलेला नसावा. आणि वरची मुदत, न्यू जर्सीत तीन वर्षं, पेनसिल्व्हेनियात एक वर्ष, उलटून गेलेली हवी. "घर ट्रस्टला दिलं, पण मरेपर्यंत मी तिथेच राहणार" असं कागदात लिहिलं तर राज्य ते घर तुमच्याच नावावर मोजणार.

ट्रस्टमधून आधी बायकोला उत्पन्न, तिच्यानंतर पुतण्याला मूळ रक्कम, असं ठेवलं आहे. कर केव्हा?

न्यू जर्सीत पतीच्या मृत्यूच्या वेळीच दोन भाग पाडतात. बायकोच्या वयावरून तिच्या आयुष्यभराच्या उत्पन्नाची किंमत काढतात, ती करमुक्त. उरलेला भाग पुतण्याचा, त्यावर १५ टक्के. म्हणजे पुतण्याच्या हाती दमडी पडण्याआधी, कदाचित वीस वर्षं आधी, कर भरायची वेळ येते. तो ट्रस्टच्या पैशातून जातो, त्यामुळे बायकोच्या उत्पन्नाची मुद्दलच कमी होते. पुढे कोण वारस ठरेल हे अनिश्चित असेल, तर राज्याशी तडजोडीने रक्कम ठरवतात.

पेनसिल्व्हेनियात, ट्रस्ट केवळ बायकोच्याच उपयोगासाठी असेल, तर कर तिच्या मृत्यूपर्यंत पुढे ढकलला जातो. तिच्या हयातीत दुसऱ्या कुणालाही त्यातून पैसे देता येत असतील, तर ही सवलत जाते. एखाद्या शब्दाने इथे सगळं बदलतं, तेव्हा असला ट्रस्ट त्या-त्या राज्यातल्या वकिलाकडूनच लिहून घ्या.

विमा आणि ४०१(के) चं काय?

नाव दिलेल्या वारसाला मिळणारा आयुर्विमा दोन्ही राज्यांत करमुक्त आहे, पुतण्याला मिळाला तरीही. न्यू जर्सीत विमा "माझ्या इस्टेटला" असा लिहिला तर मात्र तो करात येतो. आज घरी जाऊन पॉलिसीवर कुणाचं नाव आहे ते बघा. पुतण्या-भाचीसाठी काही ठेवायचं असेल, तर माझ्या मते हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. ४०१(के) आणि आयआरए ही निवृत्तीची खाती मात्र न्यू जर्सीत इतर मालमत्तेसारखीच, नात्याच्या वर्गाप्रमाणे मोजली जातात.

ठाण्यातला फ्लॅट आणि पुण्यातल्या बँकेतल्या ठेवी यांवर न्यू जर्सी कर लावते का?

फ्लॅट, जमीन, गावचं घर: नाही. राज्याबाहेरच्या स्थावर मालमत्तेवर राज्याला हात घालता येत नाही. ठेवी आणि शेअर: हो. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियाचा कायमचा रहिवासी गेला, तर त्याचे बँकेतले पैसे जगात कुठेही असोत, ते मोजले जातात. पुण्यातली एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या खात्यातली) ठेव भावाबरोबर "पहिला खातेदार किंवा हयात असेल तो" अशी असेल, तर न्यू जर्सीच्या नजरेत तेही जॉइंट खातंच, आणि भाऊ "सी" वर्गातला.

नॉमिनीचं नाव घातलं म्हणून तो मालक होत नाही, हेही लक्षात घ्या. भारतीय कायद्यात नॉमिनी बहुतेक बाबतीत खऱ्या वारसांसाठी पैसे सांभाळणारा असतो. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून राज्याचा दरही शेवटी ज्याच्याकडे पैसे जाणार त्याच्या नात्यावर ठरतो.

उलट, पुण्यात राहणारे वडील गेले आणि त्यांची ठेव तुम्हाला मिळाली, तर न्यू जर्सीचा वारसाकर नाही. एका वर्षात १ लाख डॉलरहून जास्त मिळालं तर केंद्राला ३५२० हा फॉर्म भरून मात्र कळवावं लागतं. त्यात कर नाही, पण न भरल्याचा दंड जबर आहे.

वारस टेक्सासमध्ये किंवा साताऱ्यात राहतो. त्याला सूट मिळते का?

नाही. वारस कुठे राहतो याला महत्त्व नाही. गेलेला माणूस कुठला रहिवासी होता आणि घर कुठे आहे, हे बघतात. निवृत्तीनंतर फ्लोरिडाला गेलात तर ठेवी सुटतात, पण एडिसनचं घर मागे ठेवलंत तर त्या घरावर न्यू जर्सीचा हक्क राहतो.

पत्नीला अजून ग्रीन कार्ड मिळालेलं नाही. राज्य तिला सवलत नाकारेल का?

राज्याचा वारसाकर पत्नीला शून्यच, नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. अडचण केंद्राच्या करात येऊ शकते. जोडीदार नागरिक नसेल तर तिथली अमर्याद सवलत थेट मिळत नाही, त्यासाठी वेगळ्या प्रकारचा ट्रस्ट लागतो. आणि व्हिसावर आलेल्या माणसाचं कायमचं घर भारतातच आहे असं ठरलं, तर अमेरिकेतल्या मालमत्तेपैकी फक्त ६०,००० डॉलरच माफ होतात. घर आणि अमेरिकी कंपन्यांचे शेअर त्यात येतात. व्हिसावर असताना मोठं घर घेतलेल्या जोडप्यांनी हे एका बैठकीत समजून घ्यावं.

कर कोण भरतो, आणि कधीपर्यंत?

न्यू जर्सीत मृत्यूपासून आठ महिने. पुढे वर्षाला १० टक्के व्याज. पेनसिल्व्हेनियात नऊ महिने, आरईव्ही-१५०० या विवरणपत्रावर. पहिल्या तीन महिन्यांत भरलेल्या करावर ५ टक्के सूट मिळते. हिशेब पूर्ण नसला तरी अंदाजाने रक्कम भरून ती सूट घेता येते, जास्तीचे पैसे परत मिळतात. अंत्यसंस्काराचा खर्च, कर्जं, वकिलाची फी वजा करता येते, पावत्या जपा.

मृत्युपत्रात काही लिहिलेलं नसेल, तर जॉइंट खात्यावरचा कर सहसा ते खातं ज्याला मिळालं त्याच्याच वाट्याला येतो. पण अनेक छापील मृत्युपत्रांत "सगळे कर उरलेल्या मालमत्तेतून भरावेत" असं वाक्य असतं. मग खातं मिळतं पुतण्याला, आणि त्याचा कर कापला जातो बहिणीच्या वाट्यातून. तुमच्या मृत्युपत्रात हे वाक्य कुठल्या पानावर आहे ते शोधा, आणि तुम्हाला तसंच हवं आहे का, ते ठरवा.